मसणातली वही

"मसणात कसले रे खेळ?" फोटो बघून आईनं विचारलं. फोटोत तारेचं कुंपण, करडी झुडपं, चार-दोन दगड. अमेरिकेतल्या युटाहमधल्या केल्टन या उजाड गावाची दफनभूमी.

केल्टन रेल्वेनं वसवलं आणि रेल्वेनंच उठवलं. १८६९ साली युटाहमधल्याच प्रॉमॉन्टरीला देशाच्या पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले. पुढं आयडाहोकडच्या घोडागाड्या इथून सुटायच्या. १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकमधूनच नवे रूळ टाकले, मुख्य लाइन गावाला टाळून गेली. १९४२ला युद्धासाठी जुने रूळही उखडले. उरल्या कबरी.

मी गेलो जिओकॅशिंगसाठी. जीपीएसवर आकडे टाकायचे, कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहून तो होता तिथं ठेवायचा. इथला डबा म्हणजे औषधाची बाटली. कुंपणाबाहेर, खांबाच्या बुडाशी, दगडाखाली. थडग्यावर ठेवली असती तर मी हात लावला नसता. दफनभूमीत हा खेळ नको म्हणून २००५ मध्ये साउथ कॅरोलायनात विधेयक आलं होतं, कायदा झाला नाही. चिडणाऱ्यांचंही मला पटतं.

आमच्या ट्रेकर्सच्या ग्रुपवर याच्याच चुलतभावासारखा वाद चालतो. २०२५ला बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तर जास्तच. एक म्हणतो गडांना कुलपं लावा, दुसरा म्हणतो गड काय तुमच्या बापाचे? मी कुलूपवाला. दरवाज्याच्या कातळावर ऑइलपेंटनं रंगवलेला बदाम एकदा बघितला की माणूस कुलूपवालाच होतो. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड; बदाम काही थांबत नाहीत.

केल्टनला राखणदार नाही. त्याच जुन्या लाइनवरच्या टेरेस गावाच्या दफनभूमीची अशीच नासधूस झाली, म्हणजे मोकळं सोडणं फुकट पडत नाही. तरी बाटलीतल्या वहीची गुंडाळी उलगडताना वाटलं, माणसाला नाव लिहायची खाज आहे ना, मग त्याला वही द्या. गडाखालच्या चौकीवर असते म्हणा वही, पण ती पावतीपुरती.

मी बोथट पेन्सिलनं देवनागरीत नाव लिहिलं, तारीख टाकली, झाकण घट्ट लावलं. हे सगळं आईला रंगवून सांगितलं.

"ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण थडगी कुणाची होती?"

मी फोटो मोठे करून बघितले. एकाही दगडावरचं नाव मी वाचलं नव्हतं.