स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन रोबोट ‘स्वतः’ करत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आता एआयवर चालणारा रोबोटच करतो. एकही पेशी मागे राहत नाही, आजार उलटत नाही. म्हणून साध्या सर्जनकडे जाऊ नका, रोबोट मिळेपर्यंत थांबा.’ यातलं ‘थांबा’ वाचून मला खरंच भीती वाटली, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट, रोबोट आपल्या मनाने काही कापत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून त्रिमितीय चित्र बघत बोटं हलवतो आणि यंत्राचे हात तसेच हलतात. शिवाय स्तन काही पोटासारखा खोल अवयव नाही. नुसती गाठ काढायची असेल तर रोबोटची सहसा गरजच पडत नाही. तो मुख्यतः वापरला जातो स्तनाग्र राखून केलेल्या मॅस्टेक्टॉमीत (म्हणजे स्तन काढण्याच्या ऑपरेशनमध्ये), काखेजवळच्या छोट्या चिरेतून. मिलानच्या सर्जनांनी २०१५ मध्ये असे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. त्यात व्रण लपतो, आणि बाईच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

‘एकही पेशी मागे राहत नाही’ हे ठरवतं कोण? पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला भाग तपासणारा डॉक्टर. काढलेल्या तुकड्याला सर्जन दोरे बांधून देतो, बऱ्याच ठिकाणी वरच्या बाजूला आखूड आणि बाहेरच्या बाजूला लांब, म्हणजे दिशा कळते. मग त्याच्या कडांना शाई लावतात, पातळ काप करतात आणि कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्यात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टेकल्या असतील तर पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. तुकडा हाताने काढला की रोबोटने, ही परीक्षा टळत नाही. कडा स्वच्छ निघाल्या तरी निश्चिंत होता येत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीच्या २० वर्षांच्या निष्कर्षांत, स्वच्छ कडांनी गाठ काढून रेडिएशन न दिलेल्या ३९.२ टक्के स्त्रियांमध्ये त्याच स्तनात कॅन्सर उलटला. रेडिएशन दिलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं. हा फरक कोणत्या यंत्राने कापलं यामुळे पडलेला नाही.

‘रोबोटने केलं की आजार उलटत नाही’ याला आधारच नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०१९ मध्ये उलट सावध केलं: मॅस्टेक्टॉमीत रोबोटची सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. त्याआधी २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एका मोठ्या चाचणीत छोट्या छिद्रांतून ऑपरेशन झालेल्यांपैकी ९३.८ टक्के स्त्रिया तीन वर्षांनी हयात होत्या, पोट उघडून केलेल्यांत ९९ टक्के. तो अवयव वेगळा आहे, हे मान्य. पण व्रण लहान म्हणजे उपचार सरस, हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

एआयचं खरं काम ऑपरेशनच्या आधी दिसतं, मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) वाचताना. स्वीडनमध्ये सुमारे ८०,००० स्त्रियांवरच्या चाचणीत (२०२३) एआयच्या मदतीने हजारी ६ कॅन्सर सापडले, नेहमीच्या पद्धतीने ५. डॉक्टरांचं वाचनाचं कामही ४४ टक्क्यांनी घटलं. हे मोलाचंच आहे, पण तिथेही डॉक्टर होतेच.

आता त्या ‘थांबा’बद्दल. कधीकधी आधी केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात. त्या महिन्यांत औषध चालू असतं, गाठ मोजली जाते. यंत्राची वाट बघत घरी बसलेल्या बाईच्या गाठीवर मात्र तेवढे दिवस कसलाच उपचार चालू नसतो.