ताप आहे? गोळी खा अन् ये!

आज पहाटे साडेपाचला भाच्याचा फोन वाजला. पोराला १०२ ताप, अंग मोडून आलेलं. पलीकडून सुपरवायझर: "काहून नाही येत बे? एक गोळी खा अन् ये."

आणि हा खरंच बूट शोधायला उठला! "आत्या, हाजरी गेली तर आजचे पैसे गेले." नागपूरजवळच्याच एका अंडरग्राउंड कोळसा खाणीत ठेकेदारीवर आहे. बूट मी पलंगाखाली ढकलले आणि लिहायला बसले, कारण हा फोन मी आधीही ऐकलाय. तेव्हा तो बाबांच्या डोक्यातच वाजत होता.

२००९ चा ऑगस्ट. पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला होता, पेपर त्यानेच भरलेले. बाबा पर्मनंट होते, पण अंडरग्राउंडवाल्याच्या वर्षात १९० हाजऱ्या भरल्या तरच पगारी रजा, हा हिशोब त्यांना तोंडपाठ. ताप अंगावर घेऊन गेले. कोंबून भरलेली बस, हाजरीची रांग, डोक्यावरचे दिवे देतात त्या लॅम्प रूमची रांग. खाली बिडी-माचीस न्यायची बंदी, म्हणून खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. त्याच हातात शिंकले असतील, त्याच हाताने घोटला आणि अर्धा जोडीदाराला दिला.

तुम्ही म्हणाल, खाली पंखा असतो. असतो. माणशी मिनिटाला ६ घनमीटर हवा द्यावी लागते, नियमच आहे. मान्य. पण बसमध्ये कुठला पंखा? आणि खर्ऱ्याच्या पुडीत?

चार दिवसांनी ते जोडीदार काका आडवे झाले. धुळीने आधीच पोखरलेली छाती. नागपूरला भरती केलं. वाचले, पण खाणीत परत कधी उतरले नाहीत. स्वाइन फ्लूच होता का, देव जाणे, तपासलं कोणी?

संताप याचा येतो की खाली पेट घेणारा मिथेन वायू सव्वा टक्क्याच्या वर गेला की तिथली वीज तोडतात. तेव्हा उत्पादनाचं रडगाणं कोणी गात नाही. माणूस तापाने फणफणला की मात्र गोळी खा! अहो, गोळीने ताप उतरतो, विषाणू कुठे जातो? लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढचे पाच-सात दिवस तो माणूस फ्लू वाटत फिरतो. गेटवर 'हात धुवा'चं पोस्टर लावून काय होणार? पहिले चार-पाच दिवस भरपगारी घरी बसवा, ठेकेदारीवाल्यालासुद्धा. आणि पावसाळ्याआधी खाणीच्या तोंडाशीच लस टोचा. दरवर्षी, कारण विषाणू रूप बदलतो. टोचल्यावर अंगात लसीची ताकद यायला दोन आठवडे लागतात, म्हणून आधी.

खोटा ताप सांगून दांडी मारणारे असतात का? असतात. मग थर्मामीटर ठेवा ना, केवढ्याला येतो!

असो. चिडून लिहितेय, पण त्या सुपरवायझरलाही वरून कोणीतरी झापत असेलच. त्याच्याही घरी लेकरं असतील.

बाबा आता पंच्याहत्तरीच्या घरात. काकांचा विषय आम्ही त्यांच्यासमोर काढत नाही. एकदाच म्हणाले होते, "मीच देल्लं त्याले." आज सकाळपासून भाच्याच्या उशाशी बसलेत. ना पाणी विचारलं, ना औषध. तिसऱ्यांदा एकच विचारताहेत,

"काल खर्रा कोनासंग खाल्ला? त्याले फोन लाव पह्यले."