कुत्र्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

(शेवटासकट सगळं सांगितलंय. ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहा, मग वाचा.)

'रोबोट ड्रीम्स' हा ॲनिमेशनपट पाहिल्यापासून आमच्या घरात दोन तट पडलेत आणि मी ठामपणे कुत्र्याच्या बाजूची आहे. भेटेल त्याला मी हा सिनेमा बघायला लावतेय. बघून झाल्यावर बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "कुत्रा स्वार्थी निघाला." मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऐंशीच्या दशकातलं न्यूयॉर्क, पण माणूस एकही नाही, सगळे प्राणी. एकटा राहणारा एक कुत्रा टीव्हीवरची जाहिरात बघून रोबोट मागवतो आणि सुटे भाग घरीच जोडतो. दोघांची गट्टी जमते. मग एक दिवस समुद्रावर जातात, रोबोट पाण्यात मनसोक्त डुंबतो आणि वाळूवर आडवा होतो तो उठतच नाही. सगळे सांधे जाम. कुत्रा ओढून ओढून थकतो, पण रोबोट जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन येतो तर किनाऱ्याला कुलूप, थेट १ जूनपर्यंत.

आणि एक तास बेचाळीस मिनिटांच्या या सिनेमात कुणीही एक वाक्य बोलत नाही.

आमची सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच 'सीता स्वयंवर' केलं. आम्हाला कानांनी बघायची सवय. नाटक सुटल्यावर आमच्याकडं संवादांची उजळणी होते, नेपथ्याची नाही. त्यामुळं विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये पहिल्या दहा मिनिटांतच आत्या म्हणाली, "आवाज गेला काय रे टीव्हीचा?" भाचा म्हणाला, "आहे की, गाड्यांचा येतोय." "मग ही का बोलंनात?"

हा मूकपट नाही, हे मुद्दाम सांगते. फाळक्यांच्या १९१३ च्या मूकपटात मधे मधे पाट्या यायच्या, कोण काय म्हणतंय ते त्यावर लिहिलेलं असायचं. इथं तसल्या पाट्याही नाहीत. मात्र शहराचा गलका आहे, भुयारी रेल्वेचा खडखडाट आहे, आणि 'अर्थ, विंड अँड फायर'चं 'सप्टेंबर' हे गाणं आहे, ज्यावर दोघं बागेत स्केट घालून नाचतात. दिग्दर्शक पाब्लो बेर्गेर स्पेनचा. त्यानं २०१२ मध्ये एक कृष्णधवल मूकपट केला होता, ॲनिमेशन मात्र त्याचं हे पहिलंच. सारा व्हॅरन यांच्या २००७ च्या शब्दांविना असलेल्या चित्रकथेवरून त्यानं हे केलं आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. मागं सतत वर्ल्ड ट्रेड सेंटरचे ते दोन जुळे मनोरे दिसत राहतात. पुढं त्यांचं काय झालं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ते नुसते दिसले तरी आत काहीतरी हलतं.

आता कुत्र्याबद्दल.

शेजारचे काका बघायला आले होते. त्यांचं गावभागात पाण्याच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं, म्हणजे त्यांच्यात तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. रोबोट वाळूवर पडला तसे ते खुर्चीत पुढं सरकले. "मोटार जळाली नाही, नुसतं जाम झालंय. तेल पाहिजे, तेल!" २०१९ च्या पुरानंतर त्यांच्या दुकानासमोर विहिरींवरच्या मोटारींची रांग लागली होती. चिखल धुवायचा, वाइंडिंग सुकवायचं, बेअरिंग बदलायचं, पुन्हा व्हार्निश मारायचं. काही मोटारी न्यायला मालक परत आलेच नाहीत. ते का आले नाहीत, हे काकांनी कुणाला विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "ज्याचं घरच पाण्यात गेलं, तो मोटारीसाठी कुठं येतोय?" माझ्याखेरीज कुत्र्याला स्वार्थी न म्हणणारे त्या दिवशी काका एकटेच होते.

कारण कुत्र्यानं काय केलं नाही ते सांगा की. कुलूप तोडायला गेला, पकडला गेला. रीतसर अर्ज केला, नामंजूर झाला. मग १ जूनची चिठ्ठी फ्रीजवर लावली आणि रोज तिच्याकडं बघत जगला. मधल्या काळात त्यानं दुसरे मित्र शोधले, हा लोकांचा राग. अख्खा हिवाळा त्यानं भिंतीकडं बघत काढायचा होता का? पतंग उडवताना एक बदक भेटली, तीही निघून गेली. १ जूनला तो धावत किनाऱ्यावर गेला तेव्हा रोबोट तिथं नव्हता, भंगारात विकला गेला होता. यात त्याचा कुठला स्वार्थ?

रोबोटचे हाल बघवत नाहीत, हे खरं. बर्फाखाली पडल्या पडल्या तो घरी परतायची स्वप्नं बघतो आणि दर वेळी आपणही फसतो. पण एक पक्षीण त्याच्या अंगाखांद्यावर घरटं करते. तिच्या सगळ्यात धाकट्या पिल्लाला उडायला जमत नसतं. या रोबोटला फक्त चेहरा हलवता येतो, तेवढ्यावर तो त्याला उडायला शिकवतो. तेव्हा आमच्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

खरा दंगा झाला तो शेवटी. एका रॅकूननं (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला अमेरिकेतला प्राणी) भंगारातून रोबोटला उभं केलंय, छाती-पोटाच्या जागी कॅसेटचा मोठा टेपरेकॉर्डर बसवलाय. खिडकीतून त्याला खाली रस्त्यावर कुत्रा दिसतो, सोबत नवा रोबोट. आत्या उठून उभी राहिली. "अरे, हाक मार की! गेला बघ! हाक मार!" तो हाक मारत नाही. तो त्यांचं जुनं गाणं लावतो. खाली कुत्र्याचे पाय ठेका धरतात, वर हा नाचतो, आणि कुत्रा वर बघायच्या आत हा आडोशाला होतो.

आत्या रात्री जेवताना गप्पच होती. मग तिनं इथल्याच सांगलीजवळच्या हरिपूरच्या एका मैत्रिणीचं सांगितलं. दोघी संगमावर कपडे धुवायला एकत्र जायच्या. मैत्रीण लग्न होऊन बेळगावकडं गेली. आधी पत्रं यायची, मग फक्त दिवाळीला, मग तीही बंद. भांडण नाही, रुसवा नाही. "मला ती कुठं दिसली असती, तर मी हाक मारली असती," आत्या म्हणाली.

मला वाटतं, रोबोटनं हाक मारली नाही तेच बरोबर. खाली एक नवा जीव कुत्र्याचा हात धरून चाललाय आणि वर रॅकून आहे, ज्यानं याला पुन्हा उभं केलं. त्या हाकेनं चौघांपैकी दोघांचं घर मोडलं असतं. कॉलेजातली माझी एक मैत्रीण अशीच निसटली. दोघींचंही काही चुकलं नव्हतं. तिचं नाव निघालं की मला आजही आनंदच होतो, आणि तो आनंद मी जुना झाला म्हणून टाकून देणार नाही. संवाद असते तर रोबोटनं तिथं चार वाक्यांत त्याग वगैरे समजावून सांगितला असता. मग आत्याला हरिपूर आठवलं नसतं आणि काकांना मोटारी.

कुत्र्याच्या बाजूनं शेवटचा पुरावा काकांनीच दिला. नव्या रोबोटला तो पुन्हा समुद्रावर नेतो, पण आता पाण्यापासून जपतो. पहिल्याच्या वेळी जे कळलं नव्हतं ते आता त्याला कळलंय. पहिल्याला विसरला असता तर जपला असता का?

आठवीतल्या भाचीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही: गाणं कुणी लावलं, हे कुत्र्याला कळलं का? आत्या म्हणते, कळलं, पायांना कळलंच की. मला वाटतं, नाही कळलं. ज्यांनी पाहिलाय त्यांनी खाली लिहा, रविवारी आत्याला सगळ्या कमेंट वाचून दाखवणार आहे.