यादी बघा हो, यादी!

पुणे महापालिकेची निवडणूक जवळजवळ नऊ वर्षांनी लागली. आधीची फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि मग आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकचेरी असं करत करत प्रशासकच कारभार हाकत राहिले. इतकी वर्षं हात शिवशिवत बसलेल्या आमच्या पक्षात १५ जानेवारी २०२६ ही मतदानाची तारीख जाहीर झाली आणि एका रात्रीत सगळे रणनीतिकार झाले. जिने चढायला कोणी उरलं नाही. म्हणजे मी उरलो.

मी दुकानदारांचे जमाखर्च लिहितो. पक्षात मला पद नाही, तिकीट मागितलेलं नाही, मुलाला कंत्राट नको आहे. अशा माणसाचा पक्षात कोणालाच अंदाज येत नाही. 'काका, तुम्ही हाडाचे कार्यकर्ते' असं म्हणून ते मला मतदारांना वाटायच्या स्लिपांचा गठ्ठा देतात आणि आत जाऊन दार लावतात. आत रणनीती चालू असते.

पहिल्या बैठकीला मात्र मी आत होतो. वेळ सातची, प्रभागाचे सर्वेसर्वा अण्णा नऊला आले. विषयपत्रिकेवर पहिला विषय फ्लेक्स. देशाचे नेते, राज्याचे नेते, शहराचे नेते, चार उमेदवार, अण्णा आणि अण्णांचे 'मार्गदर्शक' असलेले त्यांचे मेहुणे, एवढी डोकी दहा बाय पाचात कशी बसवायची यावर रात्रीचे साडेअकरा झाले. शेवटी प्रभागातल्या कामांची यादी काढून टाकली तेव्हा मेहुणे बसले. 'इतर विषय' या सदरात मी हात वर केला.

"अण्णा, मतदारयादी एकदा बघायला पाहिजे."

"यादी वॉर रूम बघेल," अण्णा म्हणाले, आणि चहा आला.

यादीचं माझं दुखणं समजून घ्या. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी फोडून प्रभागांच्या याद्या केलेल्या. ही फोड कुठे कशी झाली ते मला जमाखर्चवाल्याच्या खोडीमुळे दिसलं. आमच्याच एका सोसायटीची ए विंग आमच्या प्रभागात, बी विंग शेजारच्या. एका गल्लीचे डावीकडचे वाडे आमचे, उजवीकडचे परके. एका घरात सासरे इकडे आणि सून तिकडे (त्यांचं एरवीही तसंच आहे, पण ते यादीत यायला नको होतं). शिवाय ज्यांची नावं दोनदा असण्याची शंका आहे त्यांच्यापुढे दोन तारे. शहरात ४१ प्रभाग, १६५ जागा, पस्तीसेक लाख मतदार. म्हणजे एका प्रभागाला सरासरी ८५ हजार माणसं आली. यातली आपली कोण हे कळल्याशिवाय प्रचार करायचा कोणाकडे? मी दर बैठकीत हेच विचारत राहिलो. पुढे पुढे मी हात वर केला की पोरं आधीच म्हणायची, "काका, यादी ना?"

वॉर रूम म्हणजे मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद पडून रिकामा झालेला गाळा. तिथे पक्षाने बाहेरून आणलेला एक सल्लागार बसे. वय पंचविशीचं, अंगात जाकीट. तो अण्णांना 'सर' म्हणे, त्यामुळे अण्णा त्याच्यावर बेहद्द खूश. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्याने प्रभागाचा नकाशा लावला होता. हिरवा भाग आपला, पिवळा काठावरचा, लाल गेलेला. त्यात आमची बी विंग सगळ्यात गडद हिरवी.

"अहो, ही विंग आपल्या प्रभागातच नाही," मी म्हटलं.

"पण सेंटिमेंट फार पॉझिटिव्ह आहे, काका."

यावर काय बोलणार? बी विंगमध्ये माझे दोन व्याही राहतात. सेंटिमेंट असणारच.

उमेदवारांची निराळीच तऱ्हा. अर्ज भरायचा शेवटचा दिवस ३० डिसेंबर, आणि त्या दुपारपर्यंत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाच्या खिशात आहे हे अण्णांनाही माहीत नव्हतं. प्रभागातल्या चार जागांपैकी 'ब' जागेसाठी पाच वर्षं सतरंज्या उचललेल्या ताई रडत घरी गेल्या आणि आदल्या रात्रीपर्यंत समोरच्या पक्षात असलेल्या ताई आमच्या उमेदवार झाल्या. पक्षात हे चालतं, मला त्याचं काही नाही. पण याच ताईंच्या घरचं नाव ज्या कामात गाजलं त्या खोदलेल्या रस्त्याविरुद्ध आम्ही दिवाळीत दारोदार सह्या गोळा केल्या होत्या. आता त्याच दारात जाऊन 'यांनाच निवडून द्या' म्हणायचं. मी अण्णांना विचारलं, लोकांनी रस्त्याचं काढलं तर काय सांगायचं? अण्णांनी क्षणभर डोळे मिटले.

"विषय निघाला की हसायचं."

ही त्या निवडणुकीतली एकमेव रणनीती जी मला पूर्ण समजली. मी हसलो. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर मला म्हणाले, "हसताय काय? सह्यांचे कागद कुठायत?"

यापेक्षा खरी गंमत चार बटणांची होती. प्रभाग चार सदस्यांचा, म्हणजे प्रत्येकाने चार मतं द्यायची. अ, ब, क, ड. पांढरी मतपत्रिका, फिकट गुलाबी, फिकट पिवळी, फिकट निळी. मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून, रंगीत कागद चिकटवून एक खोटं मशीन केलं होतं आणि ते काखोटीला मारून हिंडत होतो. त्या पुठ्ठ्याने जेवढं काम केलं तेवढं त्या गाळ्यातल्या पडद्याने केलं नाही, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. एका वाड्यात एक आजी ओट्यावर मटार सोलत होत्या. मी मशीन पुढे ठेवलं.

"चार मतं? एकाच माणसाला?"

"नाही आजी, चार जणांना एकेक."

"आणि एकालाच दिलं न् आले बाहेर, तर?"

"शेवटचा आवाज येत नाही. चारही झाली की मग वाजतं."

आजींनी एक मटार तोंडात टाकला. "म्हणजे वाजेपर्यंत दाबत राहायचं. एवढंच ना? मग इतकं कशाला सांगतोस?"

बहुसदस्यीय प्रभागपद्धतीचं इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मी कुठेच ऐकलेलं नाही. मी धावत कार्यालयात गेलो आणि म्हटलं, घोषणा मिळाली: 'वाजेपर्यंत दाबा!' सल्लागाराने मान हलवली. "यात नॅरेटिव्ह नाही." अण्णा म्हणाले, "विकासाचा मुद्दा येत नाही." मेहुणे म्हणाले, "दाबा हा शब्द बरा दिसत नाही."

आणि खाली रस्त्यावर आमचे चारही उमेदवार आपापलं पॅनेल फोडत होते. पत्रक चौघांचं एकत्र, पण 'ड'चे दादा घरात शिरले की हळूच सांगायचे, "निळं तेवढं मला द्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा." ते बाहेर पडले की पाठोपाठ 'क'ची माणसं. चौघांच्या चार रिक्षा, चार भोंगे, चार गाणी. मारुतीच्या चौकात त्या एकदम आल्या की त्या आवाजात फक्त 'विजयी करा' एवढंच कळायचं. कोणाला, ते गुप्त मतदान.

पदयात्रेचा मार्गही असाच. आमची मतं बोळांत, जिन्यांत, मागच्या वस्तीत. पदयात्रा निघायची ती बाजारपेठेतून, कारण तिथे ड्रोनला जागा मिळते. दुकानदार हार घालायचे, अण्णा भारावून जायचे. त्यातल्या निम्म्या दुकानदारांचे हिशेब मी लिहितो. ते राहतात धनकवडीला न् वारज्याला. मत तिकडे, हार इकडे.

हळदी-कुंकवाचा मात्र खरोखर तमाशा झाला. मतदान १५ ला, संक्रांत १४ ला, जाहीर प्रचार १३ च्या संध्याकाळी बंद. हळदी-कुंकू करायचं तर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, हे घरातल्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. पण रणनीतीला घाई. भोगीच्या दिवशी सकाळी अकराला मंगल कार्यालय घेतलं. बायका तेव्हा घरी भोगीची भाजी निवडत, तिळाच्या भाकऱ्या थापत होत्या. ज्या थोड्या आल्या त्यांनी आल्या आल्या विचारलं, "संक्रांतीआधी कसलं हो हळदी-कुंकू?"

अण्णा माइकवर म्हणाले, "माता-भगिनींनो, आचारसंहितेत पंचांग धरत नाहीत."

पहिल्या रांगेतल्या एक मावशी उठल्या, वाणाचा डबा घेतला (तो घेतलाच), आणि जाता जाता म्हणाल्या, "मग मतंही रथसप्तमीला मागा."

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला मी केंद्रापासून शंभर मीटरच्या बाहेर टेबल टाकलं. वॉर रूमने दिलेलं ॲप उघडलं की एक चाक गोल गोल फिरायचं. फोन लावला तर सल्लागार म्हणाला, "सर्व्हरवर लोड आहे, काका. हे चांगलं लक्षण आहे." नशिबाने माझी वही बरोबर होती. गल्ली, घर, यादी भाग, अनुक्रमांक, सगळं हाताने लिहिलेलं; सासरे कुठे, सून कुठे, सगळं. पण स्लिप छापून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

शेजारच्या टेबलावर समोरच्या पक्षाचा कार्यकर्ता. विमा एजंट, झुपकेदार मिशी, आवाज बसलेला. त्याच्याकडे छोटा छपाईयंत्राचा डबा होता, चिट्ठी भराभर निघायची, पण त्याच्या यादीत पत्तेच सापडत नव्हते. लोक दोन्ही टेबलांवरून वैतागून परत जायला लागले. त्याने माझ्या वहीकडे पाहिलं, मी त्याच्या डब्याकडे.

"काका, तुमच्याकडे पण यादी कोणी बघितली नाही ना?"

"वॉर रूम बघणार होती."

"आमच्याकडे स्ट्रॅटेजी सेल."

आठ वाजता मी खुर्ची उचलून त्याच्या टेबलाला लावली. मी वहीतून नंबर सांगायचा, त्याने चिट्ठी काढायची. दोन्हीकडची माणसं एकाच रांगेत. आमच्या आजीही आल्या, नातवाचा हात धरून. चिट्ठी घेतली, आत गेल्या आणि बाहेर येऊन सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वाजलं हो!"

साडेबाराला अण्णांची गाडी आली. काच खाली झाली. आमचं टेबल ओसाड.

"काका, सकाळीच सगळं मतदान काढलंत? शाब्बास!" मग त्यांचं लक्ष शेजारच्या रांगेकडे गेलं. मेहुण्यांनी गाडीतूनच तिचा फोटो घेतला, आणि गाडी वळायच्या आत तो आमच्या ग्रुपवर पडला: 'आपल्या पॅनेलला प्रचंड प्रतिसाद!' फोटोत त्या एजंटाचं टेबल, त्यावर त्याच्या उमेदवाराचं नाव छापलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा, मागे माझं अर्धं टक्कल.

मी फोन त्या एजंटापुढे धरला. म्हटलं, तुमच्याकडे कळलं तर तक्रार करतील.

त्याने नवा कागदाचा रोल डब्यात भरला आणि आपला फोन माझ्यापुढे केला. "राहू द्या काका. आमच्या भाऊंनी हाच टाकलाय, दहा मिनिटांपूर्वी."