सुटे भाग म्हणजे शस्त्र नव्हे, असे सांगणाऱ्यांस

गेल्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या माझ्या भाच्याने एक फिरता संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, उद्यमबागेत तुमच्या ओळखीचा कुणी आहे का?" (उद्यमबाग ही बेळगावातली कारखान्यांची वसाहत.) संदेशाचा आशय असा की, नेमबाजीसाठी पहिली रायफल विकत घेणे हा मूर्खपणा असून ती सुटे भाग आणून स्वतः जुळवावी, सुटे भाग म्हणजे शस्त्र नव्हे, नळी कोणत्याही चांगल्या लेथवर (कातयंत्रावर) निघते, कर्नाटकात खेळाच्या बंदुकीला परवाना लागत नाही, अमेरिकेत तर लोक घरोघरी हेच करतात, आणि स्पर्धेची परदेशी एअर रायफल सामान्य घराला परवडतच नाही. भाचा १९ वर्षांचा आहे, आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकतो, आणि कोल्हापूरकडचे नेमबाज स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून त्याला दुसरा विषय सुचत नाही. अशा मुलाच्या हाती हा संदेश पडतो, म्हणूनच त्याची चीड येते.

सुट्या भागांचे प्रथम पाहू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या आहे, आणि तिच्यात अग्निशस्त्राचे भाग व ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा धरलेली आहे. संदेश लिहिणाऱ्याने ही व्याख्या एकदा वाचली असती तरी त्याचे पहिले वाक्य लिहून झाले नसते. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवण्यास, त्यात बदल करण्यास आणि त्याची दुरुस्ती करण्यासही कलम ५ ची मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ प्रमाणे त्याची शिक्षा किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी आहे. खेळाचा उल्लेखही याच कायद्यात आहे: मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी पॉइंट २२ (म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ करते. खेळासाठी परवाना लागतच नसता तर ही तरतूद कशाला केली असती?

आता लेथचे. मी स्वतः आयुष्यभर उद्यमबागेत टर्नर म्हणून काम केले आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मला गप्प बसवत नाही. आमच्या वसाहतीतल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही हे खरे. पण लेथवर नळीचा बाहेरचा आकार निघतो, आणि रायफलचे सारे मर्म आतल्या पिळदार खाचांत व धातूच्या गुणवत्तेत असते. पॉइंट २२ लाँग रायफल ही काडतुसांतली अगदी लहानखुरी जात, तरी तिचा कमाल दाब प्रति चौरस इंच २४,००० पौंडांपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो तीस-पस्तीसच्या आसपास असतो. कारखान्यातली नळी विक्रीला येण्यापूर्वी नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून तपासली जाते. घरी केलेल्या नळीची ही तपासणी भाच्याच्या गालापासून वीतभर अंतरावर होणार, आणि ज्याच्या मशीनवर ती निघाली तो मालकही त्याच कलमात अडकणार. अशा कामासाठी मी ओळखीचा माणूस सांगावा, ही अपेक्षाच मला समजत नाही.

कर्नाटकातल्या सवलतीत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कोडगू (कूर्ग) जिल्ह्यातील कोडवा समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, जमीनधारकांना बंदूक बाळगण्याच्या परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे, आणि २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवण्यात आली. ही सूट बाळगण्यापुरती आहे, बनवण्यासाठी नाही. शिवाय खानापूर तालुका कोडगूत येत नाही. अमेरिकेचे म्हणाल, तर तिथला कायदा तिथे.

राहिला खर्च. स्पर्धेच्या परदेशी एअर रायफलची किंमत लाखांत जाते आणि सामान्य घराला ती परवडत नाही, हे संदेशातले एकमेव रास्त वाक्य आहे. पण पहिली रायफल म्हणजे स्पर्धेची रायफल, असे कुणी सांगितले? १० मीटर प्रकारात ४.५ मिलिमीटरची एअर रायफल चालते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही, आणि देशी बनावटीची काही हजारांत मिळते. अग्निशस्त्राच्या परवान्यासाठी मात्र वय २१ लागते, म्हणजे भाच्याला तूर्त तो मिळणारच नाही. १० मीटर एअर रायफल प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचे असते, तेव्हा दोन वर्षे त्यातच जातील. हाताने काही करायचीच हौस असेल, तर एअर रायफलच्या बटावरची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावरची) गाल टेकवायची लाकडी पट्टी आपल्या चेहऱ्याच्या मापाने घासूनपुसून बसवता येते. भाच्याला मी तेवढेच कळवले आहे. सागाचा एक चांगला तुकडा माझ्याकडे पडून आहे.