सिन्नरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: धुराला जामीन नाही

सिन्नरकर, नमस्कार. फुप्फुसाच्या आनुवंशिकतेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "माझ्या आजीने जन्मात बिडी ओढली नाही. चुलीपुढे बसून तिची छाती गेली. तुम्ही चाळीस टक्के जनुकांवर ढकललंत, म्हणजे धुराला जामीन मिळाला."

आधी माझी चूक कबूल करतो. "चाळीस टक्के ताकद रक्तातून येते" हे माझं वाक्य साफ चुकलं होतं, आज काढून टाकलं. तो आकडा म्हणजे एका माणसाच्या छातीची वाटणी नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. लोक आणि हवा बदलली की आकडाही बदलतो.

पिंपळगावकडचा थॉमसन द्राक्षांचा प्लॉट डोळ्यांपुढे आणा. सगळ्या वेली कलमाच्या, जनुकं जवळजवळ एकच. एका ओळीत घड भरले, दुसरीत नाहीत, तर कारण पाणी, माती, छाटणी. त्या प्लॉटात आनुवंशिकतेचा वाटा शून्याच्या आसपास! पण बांधापलीकडे शरद ही काळ्या द्राक्षांची जात लावा. तिचे मणी काळेच होणार, थॉमसनला कितीही खत घाला.

"एका घरात चूल एकच, मग दमा घराण्यात दिसला तर जनुकं कशावरून?" हा तुमचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. जुळ्यांचे अभ्यास त्यासाठीच झाले. एकसारखी जुळी असोत की वेगळी, दोन्ही जोड्या आपापल्या घरच्या एकाच धुरात वाढतात. तरी पहिल्या सेकंदात जोराने सोडलेल्या हवेचा आकडा, म्हणजे एफईव्ही-1, एकसारख्या जुळ्यांत जास्त जुळतो.

पण 'फुप्फुसाचं जनुक' असं एकच काही नाही. 2023 साली सुमारे 5,80,000 लोकांच्या तपासणीतून 1,020 जनुकीय खुणा सापडल्या. बहुतेकींचा परिणाम चिमूटभर. काही खुणा, उदाहरणार्थ एचएचआयपी या जनुकाजवळची, गर्भात फुप्फुस घडतं त्या कामाशी जोडलेल्या. तपासलेले बहुसंख्य लोक मात्र युरोपीय वंशाचे, त्यामुळे ते गणित सिन्नरला जसंच्या तसं लावता येत नाही.

जामिनाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. 1963 मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी अल्फा-1 अँटीट्रिप्सिनची कमतरता नोंदवली. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतलं इलास्टेज हे विकर फुप्फुसाचे लवचिक धागे कुरतडतं, अल्फा-1 अँटीट्रिप्सिन हे प्रथिन त्याला आवर घालतं. एकाच जनुकाचा इतका जबर परिणाम विरळाच (हा दोष आपल्याकडे दुर्मीळ आहे). तरीही ज्यांच्यात हा दोष असतो, त्यांच्यातल्या धूम्रपान करणाऱ्यांची फुप्फुसं बऱ्याच आधी खचतात. जनुक कमजोर निघालं तर धुराचा गुन्हा उलट वाढतो.

तुमच्या आजीच्या बाबतीत मीही आधी चुलीकडेच बोट दाखवेन.

राहिला तुमच्या मुलाच्या स्पायरोमेट्रीतला, म्हणजे फुंकर मारून केलेल्या फुप्फुसाच्या तपासणीतला, 'प्रेडिक्टेडच्या (अपेक्षित आकड्याच्या) 84 टक्के'. तो आकडा त्याच्या वयाच्या, उंचीच्या मुलांच्या सरासरीशी तुलना करून काढलेला असतो, त्यामुळे उंची चुकीची लिहिली तरी बिघडतो. कागदावर एफईव्ही-1 आणि एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तरही असेल. डॉक्टरांना आधी तेच विचारा, आणि उंची बूट काढून मोजली होती का, तेही.