विंचवाचं विष आणि मुका जीव: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

विंचवाचं विष कसं काढतात यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही रागानं लिहिलंत. मुक्या जिवाला विजेचा शॉक देणं हा छळ आहे, विषं आता प्रयोगशाळेत बनतात तेव्हा त्याची गरजच काय, आणि असं वाचून लोकांच्या डोक्यात भलतं शिरतं, असं तुमचं म्हणणं. तुमच्या मोहोळकडच्या गावात दोन पोरांनी ‘लाखाला जातात’ म्हणून बरणीत विंचू धरून ठेवलेत, हेही तुम्ही लिहिलंत.

आधी बरणीचं, कारण त्याला उशीर चालणार नाही. एकत्र कोंडलेले विंचू एकमेकांना खातात. कुणीतरी मोठ्या माणसानं, पायात बूट घालून, ती बरणी वस्तीपासून लांब माळावर न्यावी, झाकण सैल करून दगडांपाशी आडवी ठेवावी आणि लांब काठीनं झाकण सरकवून बाजूला व्हावं. आत हात घालायचा नाही. लाख रुपये घेऊन कुणी येणार नाही. लिटरमागे कोटींचे जे आकडे फिरतात त्यांना काही अर्थ नाही. एका लाल विंचवाचं वाळवलेलं विष मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, बऱ्याचदा त्याहून कमी. शिवाय संशोधकाला विंचवाची जात, तो कुठं सापडला, विष कोणत्या तारखेला काढलं, ही सगळी नोंद लागते.

आता शॉकचं. हे काम मी एका प्रयोगशाळेत बसून पाहिलंय. तिथल्या मुलीनं लांब चिमट्यानं विंचवाची शेपटी धरली, नांगीच्या मागचं पेर मिठाच्या पाण्यानं ओलं केलं आणि तारेची दोन टोकं क्षणभर टेकवली. नांगीच्या फुगीर भागात दोन विषग्रंथी असतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू या झटक्यानं आवळले जातात. टोकाशी धरलेल्या केसासारख्या काचनळीत आधी पाण्यासारखा स्वच्छ थेंब चढला, मग त्यामागून दुधट, दाट द्रव आला. तिनं लगेच तारा बाजूला केल्या आणि विंचवाला त्याच्या डब्यात सोडलं. डबा वेगळा, त्यावर नंबर आणि तारीख. पुढचे दोन-तीन आठवडे त्याला हात लावायचा नाही, कारण ग्रंथी भरायला तेवढा वेळ जातो. पाठीवर पिल्लं असलेली मादी तर तिनं मुळीच घेतली नाही.

तो पहिला स्वच्छ थेंब फार बोलका आहे. आफ्रिकेतल्या एका विंचवावरच्या 2003 च्या अभ्यासात दिसलं की त्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर आणि प्रथिनं कमी असतात. दाट विष बनवणं विंचवाला महागात पडतं, म्हणून थोडंसं डिवचलं तर तो बऱ्याचदा पहिल्या थेंबावरच भागवतो. नळीवर ताणलेल्या पातळ पडद्यावर नांगी मारायला लावायचीही एक पद्धत आहे. ती सौम्य आहे, पण हाती काय आणि किती येईल याचा भरवसा नसतो. पूर्वी नांगीच कापून वाटायचे. त्यात जीव जायचा आणि विषात ग्रंथीच्या पेशींचा चिखल मिसळायचा.

विंचवाला काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण शॉक जोराचा दिला की अंगातला दुसरा द्रव विषात उतरतो आणि तो नमुना वाया जातो. म्हणजे जिथं विंचवाचे हाल होतात तिथलं विषही नासकंच निघतं. म्हणूनच या कामातला हलका हात मला इतका मोलाचा वाटतो.

प्रयोगशाळेत बनवण्याबद्दल तुमचं निम्मं खरं आहे. आपल्याच लाल विंचवातून 1990 मध्ये वेगळं काढलेलं आयबेरिओटॉक्सिन हे 37 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आता कृत्रिमरीत्या बनतं, त्यासाठी एकाही विंचवाला हात लावावा लागत नाही. विषावर उतारा म्हणून टोचतात त्या प्रतिविषाचं तसं नाही. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ते मिळवतात, आणि तिथं विंचवाचं अख्खं विष लागतं, त्यातल्या सगळ्या घटकांसकट. तेही जिथल्या माणसांना वाचवायचंय तिथलं असलं तर उत्तम, कारण कोकणपट्टीतल्या आणि दख्खनच्या कोरड्या पठारावरच्या लाल विंचवांच्या विषात फरक आढळलाय. तुमच्या सोलापूरकडचा विंचू पठारावरचा.

मी इतकं पोटतिडकीनं का लिहितो, तेही सांगतो. 1976 च्या मे महिन्यात, मंगळवेढ्याजवळ मामाच्या माळवदाच्या घरात, माझ्या सात वर्षांच्या मामेभावाला अंथरुणातच विंचू चावला. थोड्याच वेळात त्याला उलट्या सुरू झाल्या, अंगावरचा सदरा घामानं पिळण्यासारखा भिजला आणि एवढ्या उकाड्यात हातपाय बर्फासारखे गार पडले. विंचू उतरवणारा आला, मंत्र म्हणून गेला. पहाटे त्याच्या तोंडातून गुलाबी फेस आला. मी त्याच्या उशाशी होतो.

त्या काळी गंभीर रुग्णांतले शंभरात पंचवीस-तीस जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980 च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून हे चित्र पालटलं. पुढं त्यांनीच प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलं, तेव्हा रुग्ण लवकर सावरतात असं दिसलं. तो अभ्यास 2011 मध्ये छापून आला. त्या प्रतिविषामागे असेच कुठेतरी, एकेका विंचवाकडून घेतलेले थेंब आहेत.

एक चूक मात्र माझी. मी लेखात किती व्होल्टचा झटका देतात तो आकडा लिहिला होता. त्याची वाचकाला काही गरज नव्हती आणि घरी कुणी करून पाहिलं असतं तर अनर्थ झाला असता. आज ते वाक्य काढलंय. बरणीतले विंचू माळावर सोडले की कळवा. आणि तोवर पोरांपैकी कुणाला विंचू चावलाच, तर कुणाकडे उतरवायला नेऊ नका, थेट ग्रामीण रुग्णालयात न्या.